सोळा पानांचा फॉर्मा आणि गोदावरीबाईंचं कॉलेज

अहमदाबादकडे निघालेला ट्रक महाराष्ट्र सोडतो तो अच्छाडला. तलासरी तालुक्यातलं हे हद्दीवरचं गाव, पुढे भिलाड आलं की गुजरात. हद्दीवरच्या गावात कागदाला भारी मान. बिल्टी, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन. यातला एक कागद कमी पडला की भरलेला ट्रक जागचा हलत नाही.

गंमत अशी की ऐंशी वर्षांपूर्वी इथे हद्दच नव्हती. 1945 साली हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यातल्या ठाणे जिल्ह्याचा उंबरगाव तालुका. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं, अलीकडे राहिलेल्या गावांचा पुढे तलासरी तालुका झाला आणि 2014 च्या ऑगस्टात पालघर जिल्हा. वारली आदिवासींच्या सोयरिकी मात्र रेषेच्या दोन्ही अंगांना आहेत तशाच आहेत.

कागदाची या गावांशी ओळख या ट्रकांच्या कितीतरी आधीची, आणि ती काही चांगली नव्हती. कागद म्हणजे सावकाराची वही. लिहिणारा तो, वाचून दाखवणाराही तोच, आणि खाली अंगठा तेवढा वारल्याचा. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी माणूस बायकोसकट जमीनदाराच्या घरी राबायला जाई. त्याला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज फिटलं की नाही हे वहीला ठाऊक, आणि वहीतलं कर्ज सहसा फिटत नसे. अशा मुलखात कागदाची पहिली भावना भीतीची असणार, यात नवल नाही.

नवल पुढेच आहे. याच तालुक्याच्या गावी, तलासरीत, आज एक पदवी महाविद्यालय उभं आहे आणि त्याच्या पाटीवर एका लेखिकेचं नाव आहे: कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय. आदिवासी प्रगती मंडळ ही संस्था ते चालवते, पदवी मुंबई विद्यापीठाची मिळते. आपल्याकडे कॉलेजांना नावं कुणाची असतात ते आठवून पाहा. देणगीदाराची, देणगीदाराच्या वडिलांची, मंत्र्यांची, संतांची. ज्या बाईंनी त्याच मातीवर, त्याच माणसांवर पुस्तक लिहिलं आणि ते पुस्तक मराठीत मानाचं ठरलं, त्यांचं नाव त्याच माणसांच्या नातवंडांच्या मार्कशीटवर छापून येतं, हा योग मला तरी दुर्मीळ वाटतो.

गोदावरीबाई इथल्या नव्हत्या. जन्म 1907 चा, पुण्याच्या गोखल्यांच्या घरातला. वडील नामांकित वकील. मुलगीही कायदा शिकली. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचं नाव घेतात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 साली काढलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम केलं, घरकाम करणाऱ्या माणसांची संघटना बांधली. 1939 मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न, कम्युनिस्ट पक्ष, मग तुरुंग. सदाशिव पेठी चौकटीत बसणारी कुठलीच गोष्ट त्यांनी फार काळ केली नाही.

1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगावकडचे मोजके वारली आले होते. त्यातले झरी गावचे माह्या धांगडा बोलायला उठले. तोवर ज्या माणसांवर इतरांनी बोलायचं, त्यांतला एक सभेपुढे उभा राहिला, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं. 23 मे 1945 ला झरीत वारल्यांची सभा झाली. हजारोंनी लोक आले. ठरलं ते इतकं साधं होतं की आज वाचताना चमत्कारिक वाटतं: बारा आणे रोज रोकडा मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतावर जायचं नाही, वेठ करायची नाही, कुणी मारलं तर मार खायचा नाही, आणि एकी सोडायची नाही.

पावसाळा संपला आणि गवताचा हंगाम आला. या भागातलं गवत कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. जमीनदारांचं मोठं उत्पन्न होतं ते. वारल्यांनी दर मागितला, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. वाकून, विळ्यानं. या मागणीवर संप झाला, आणि 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. जेठ्या गांगड हे त्यांतलं पहिलं नाव. ही चळवळ उभी करणाऱ्या परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर काढण्याचे हुकूम निघाले. तरी वेठ आणि लग्नगडी या दोन्ही गोष्टी उठल्या त्या उठल्याच.

याच वर्षाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1945 सालीच, तिथून जवळ बोर्डीला, ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येईना म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. एकाच वर्षी, एकाच मुलखात, एकीकडे वारली बाप 'वेठ करणार नाही' म्हणून उभा राहत होता आणि दुसरीकडे त्याच्या पोराच्या हातात पाटी जात होती. दोन्हींच्या वाटा निराळ्या, राजकारण निराळं. पण तलासरीतलं आजचं कॉलेज समजून घ्यायचं तर दोन्ही लागतात.

'जेव्हा माणूस जागा होतो' हे गोदावरीबाईंचं पुस्तक आलं 1970 साली. उठावाला पंचवीस वर्षं झाल्यावर. मधल्या काळात शामराव ठाण्याहून लोकसभेत निवडून गेले, पुन्हा दोघं तुरुंगात गेली, आणि 1965 मध्ये शामराव तुरुंगातच वारले. पुस्तकाला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चळवळीच्या कार्यकर्तीनं लिहिलेलं, जमीनदार-सावकारांवर थेट बोट ठेवणारं पुस्तक, आणि अकादमीचा शिक्का! 1975 साली त्यांचं 'आदिवासीज रिव्होल्ट' कोलकात्याहून निघालं. झरीतली सभा अशी हुगळीच्या काठी पोचली.

पण मला खरं आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच योगायोगाचं. त्याच सुमारास, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे भिंतीवरचं वारली चित्र कागदावर काढू लागले. तोवर लग्नाचा चौक सवाष्णींनी काढायचा, तांदळाच्या पिठानं, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीनं गाणी म्हणायची. लग्न उरकलं की चित्राचं काम संपलं. मशेंना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. तोवर त्यांची चित्रं जगभर जाऊन आली होती. म्हणजे ज्या लोकांना कागदानं पिढ्यान् पिढ्या नाडलं, ते लोक दोन-चार वर्षांच्या अंतरानं दोन वाटांनी कागदावर आले. एकदा पुण्याच्या बाईच्या शब्दांत आणि एकदा स्वतःच्या रेषेत.

स्वतःच्या शब्दांत यायचं अजून बरंचसं बाकी आहे, आणि इथे कॉलेजचा संबंध येतो.

मराठी मुलखातल्या कॉलेजात दोन गोष्टी ठरलेल्या. एक भित्तीपत्रक: कार्डशीटवर चिकटवलेल्या हस्तलिखित कविता, स्केचपेनची वेलबुट्टी, मराठी भाषा दिनाला प्राचार्यांच्या हस्ते उद्घाटन. दुसरा वार्षिक अंक: आत मान्यवरांचे शुभसंदेश, विभागांचे अहवाल, गुणवंतांचे फोटो, आणि मग कुठेतरी मागे मुलांच्या कविता. या अंकांना हसायची पद्धत आहे. मीही हसलो आहे. पण कॉलेजातून निघालेला अंक काय करू शकतो हे पाहायचं तर औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जावं लागेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 साली तिथे कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. खेड्यांतून आलेली, घरात शिकणारी पहिलीच अशी मुलं. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे असे शिक्षक. या वर्तुळातून 1960 च्या दशकाच्या अखेरीला 'अस्मिता' नावाचं त्रैमासिक निघालं, त्याचंच पुढे 'अस्मितादर्श' झालं आणि पानतावण्यांनी ते दशकानुदशकं चालवलं. दलित साहित्याच्या इतिहासातून हे नियतकालिक वजा करून पाहा, किती मोठं भगदाड पडतं! कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, प्रुफांच्या भेंडोळ्यांत, वर्गणीदारांच्या यादीत एक वाङ्मयीन चळवळ आकाराला येऊ शकते याला याहून मोठा पुरावा नको.

आणि खानदेशात पाहा. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात ओव्या रचत आणि त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातली आणखी एक-दोन माणसं त्या वहीत उतरवून घेत. 1951 च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं, कविता छापल्या गेल्या. ती वही नसती तर? विद्यापीठाला दुसरं कुणाचं तरी नाव असतं आणि आपल्याला काय गेलं हे कळलंही नसतं.

तर मग कॉलेजच्या मुलांनी पुस्तक काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं? वाटतं तितकं ते अवघड नाही, आणि त्यातले काही टप्पे जादूसारखे आहेत.

एक कोरा कागद घ्या, ए-फोर चालेल. मधोमध घडी घाला, मग आडवी दुसरी, मग पुन्हा तिसरी. शेवटची घडी डाव्या हाताला धरली की छोटंसं पुस्तक झालं. कडा न कापता, आत वाकून डोकावत पेन्सिलनं पानांना क्रमांक द्या, 1 ते 16. आता कागद पूर्ण उलगडा. सगळा गोंधळ! काही आकडे सुलटे, काही उलटे. एकाच्या शेजारी सोळा, चाराच्या शेजारी तेरा, पाचाच्या शेजारी बारा, आठाच्या शेजारी नऊ. कागद पालटला तर दोनाशी पंधरा, तीनाशी चौदा, सहाशी अकरा, साताशी दहा. आता एक लक्षात येतंय का? प्रत्येक जोडीची बेरीज सतरा. छपाईवाले याच सोळा पानांना 'फॉर्मा' म्हणतात. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ, तीन घड्या, शिवण आणि कटिंग. ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं त्याच्या डोक्याला नमस्कार करावा असं हे गणित आहे. पुस्तकाचा खर्चही फॉर्म्यात मोजतात, म्हणून पाच फॉर्म्यांचं पुस्तक ऐंशी पानांचं. कवितासंग्रहांत शेवटी एखादं कोरं पान दिसतं ना, ते बहुतेक वेळा कवीचं मौन नसतं. फॉर्मा भरायचा राहिलेला असतो.

तलासरीतल्या एका वर्गानं एक फॉर्मा भरायचा ठरवलं तर सोळा पानं पुरतात. एका आजोबांची हकिगत, धवलेरीच्या एका गाण्यामागची गोष्ट, गवताच्या हंगामाचं वर्णन, एखादं चित्र. डीटीपी करायला आज घरचा कॉम्प्युटर चालतो. पूर्वी छापायचं म्हणजे निदान काही शे प्रती काढाव्या लागत, नाहीतर प्लेटचा खर्चही परवडत नसे. आता डिजिटल छपाईत पन्नास प्रतीही निघतात.

खरी कसोटी मुद्रितशोधनाला लागते. वारली बोली देवनागरीत लिहिता येते, पण ती कशी लिहायची याचे नियम शाळेत कुणी शिकवलेले नसतात. मुलगा आजी जसं बोलली तसं लिहून आणतो. प्रुफं तपासणाऱ्या सरांचा हात शिवशिवतो. सवयीनं ते ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात, क्रियापद प्रमाण मराठीत आणतात, वाक्य 'व्यवस्थित' करतात. चार पानांत आजी पुण्याची होते. हे वाईट हेतूनं होत नाही, पण होतं. यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: काम सुरू करण्याआधी मुलांनी आणि शिक्षकांनी बसून ठरवायचं की कुठला आवाज कसा लिहायचा, ते एका कागदावर लिहून भिंतीला लावायचं आणि शेवटच्या पानापर्यंत पाळायचं. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात गणेश देवींनी हजारो कार्यकर्त्यांकडून बोली लिहून घेण्याचं काम करून घेतलं. त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली 2013 मध्ये आला. वाट तुडवलेली आहे.

आणखी एक यंत्रणा आहे, तिच्याबद्दल फार लोकांना ठाऊक नसतं. पुस्तकाच्या पाठीवर तेरा आकड्यांचा जो आयएसबीएन असतो, तो भारतात दिल्लीची राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था देते, आणि फुकट देते. कॉलेजही अर्ज करू शकतं. शिवाय 1954 चा एक कायदा आहे. भारतात कुठेही पुस्तक निघालं की प्रकाशकानं तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चानं, एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची. आणखी एकेक प्रत चेन्नईच्या कॉनेमारा, मुंबईच्या मध्यवर्ती आणि दिल्लीच्या सार्वजनिक ग्रंथालयाला. हा कायदा प्रकाशक मोठा की छोटा विचारत नाही. म्हणजे तलासरीच्या मुलांनी काढलेलं सोळा पानांचं पुस्तक, पोस्टाच्या पाकिटातून, त्याच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या दप्तरी जातं जिथे रवींद्रनाथांची पुस्तकं जातात. वार्षिक अंकावर 'खासगी वितरणासाठी' असं छापलं की तो कॉलेजच्या कपाटात पडून वाळवीच्या वाट्याला येतो. पुस्तक म्हणून काढलं की त्याला चार शहरांत पत्ता मिळतो. फरक काय, तर एक अर्ज आणि चार पाकिटं.

लेखकाचा वारसा जपणं म्हणजे आपण सहसा काय करतो? पुतळा, जयंती, निबंधस्पर्धा, हार. गोदावरीबाईंच्या नावानं सोलापूरजवळ कुंभारीत विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. 2006 साली त्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. विडी वळणाऱ्या बाईला पक्कं घर मिळणं हे स्मारक मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा सरस वाटतं. त्याच न्यायानं लेखिकेच्या नावाच्या कॉलेजात तिचं सगळ्यांत शोभणारं स्मारक म्हणजे तिथल्या मुलांनी लिहिलेलं आणि तिथेच निघालेलं पुस्तक. तिनं वारल्यांचं लिहिलं; आता वारल्यांनी लिहिलेलं हवं. त्यात तिच्याशी न पटणारं काही असेल तर आणखी चांगलं. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेल्या पुस्तकात ज्या घरांचा, ज्या बायांचा, ज्या पाड्यांचा उल्लेख राहून गेला असेल, तो घरच्याच माणसाला माहीत.

आणि घाई आहे. झरीच्या सभेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेलं पोर, तलवाड्याच्या गोळीबाराच्या रात्री जंगलात लपलेली मुलगी, गवताचे गठ्ठे बांधणारा दहा वर्षांचा मुलगा, यांतलं जे कुणी आज हयात असेल ते ऐंशी-नव्वदीच्या घरात. तलासरी, डहाणू, बोर्डी, विक्रमगड, जव्हार, आणि हद्दीपलीकडे उंबरगाव, इथल्या प्रत्येक कॉलेजला मोबाइलवरचा रेकॉर्डर परवडतो. या सुट्टीत प्रकल्प द्यायचाच असेल तर 'माझा आवडता लेखक' देऊ नका. मुलांना आपापल्या पाड्यावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे पाठवा, आधी त्यांची परवानगी घ्यायला सांगा, आणि जे मिळेल त्याचा एक फॉर्मा करा. आयएसबीएनचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.